वडिलांची येझदी घेऊन लंडनला जायचंय? मग आधी हे वाच

प्रश्न असा आलाय की बाबांची १९७९ ची येझदी २५० आहे, जुनं मॉडेल, दोन पुंगळ्यांचं (सायलेन्सरचं), इंजिन नुकतंच उघडून बांधलंय, आणि ती घेऊन कोल्हापूर ते लंडन जायचंय. पेपर काय लागतात, दिवसाला साडेतीनशे किलोमीटर धरले तर चालतील का, स्पेअर काय न्यायचे, आणि "काका, हे शक्य आहे का, की मी वेडा आहे?"

शक्य आहे. वेडा आहेस, पण तो भाग वेगळा.

मी २०१८ ला असंच मॉडेल घेऊन गेलो होतो, इराणपासून चेकपर्यंत, त्यामुळे जे लिहितोय ते बरंचसं स्वतः खाल्लेल्या माराचं आहे. आणि पहिलीच गोष्ट सांगतो, लंडन डोक्यातून काढ. लंडन वाईट आहे म्हणून नाही, पण तुझ्या गाडीला तिथं ओळखणारं कोण आहे? जुनी गाडी घेऊन परदेशात जाताना रस्ता नकाशावर नाही ठरवायचा, ज्या गावांत त्या गाडीला ओळखणारे म्हातारे अजून जिवंत आहेत अशा गावांवरून ठरवायचा. बुलेटवाल्याला इंग्लंड ठीक आहे, त्यांच्या मूळ कारखान्याचं गाव, रेडिच, तिथं आहे. आपलं माहेर चेकमध्ये.

थोडक्यात हिस्टरी, कारण प्लॅनिंगला ती खरंच लागते. जावा कंपनी १९२९ साली यानेचेकने (Janeček) काढली, नावातलं 'जा' त्याच्या आडनावातलं आणि 'वा' वांडरर कंपनीचं. १९६० च्या सुमारास म्हैसूरला आयडियल जावाने तीच गाडी बनवायला घेतली, पुढे तिचं नाव येझदी झालं, आणि हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून आलं असं सांगतात, कारण म्हैसूरचे मालक इराणी कुटुंबातले. आता गंमत बघ, जावाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं सोव्हिएत युनियन. आर्मेनिया, जॉर्जिया, तिकडं मध्य आशिया, सगळीकडं या गाड्या लाखांनी गेल्या. म्हणजे यझ्दपासून निघून आर्मेनिया-जॉर्जियावरून चेकमधल्या तीनेत्स नाद साझावोऊला, जिथं जावाचा कारखाना आहे, तिथं पोचायचं हा रूट म्हणजे आपल्या गाडीची वंशावळच आहे. गोरिस नावाच्या आर्मेनियन गावात मी पंपावर उभा होतो, एक सत्तरीचा माणूस टाकीवर हात फिरवत "यावा, यावा" (म्हणजे जावा) करत आला, मी येझदी हे अक्षर दाखवलं तर त्याने मान हलवली आणि परत "यावा". घरी घेऊन गेला. शेडमध्ये त्याची स्वतःची साडेतीनशे पडलेली, मागचं चाक नाही, सीटवर कोंबडी बसलेली. माझ्या चेनला लागणारा लॉक (जोडायची कडी) त्याने डब्यातून शोधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. इंग्लंडात मला हा डबा कुठं मिळाला असता?

रूट असा: न्हावाशेव्याहून गाडी बोटीने बंदर अब्बास, मग यझ्द, इस्फहान, तब्रीझ, नोर्दूझच्या बॉर्डरवरून आर्मेनिया, येरेवान, तिबलिसी, बटुमी, सार्पवरून टर्की, काळ्या समुद्राच्या काठाने इस्तंबूल, एदिर्ने, बल्गेरिया, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक. आर्मेनियातून सरळ टर्कीत जाता येत नाही, ती बॉर्डर बंद आहे, जॉर्जियाचा वळसा घ्यावाच लागतो. सरळ मोजलं तर साधारण साडेसहा हजार किलोमीटर होतात, भटकणं धरून आठ हजार समज. इराणचं मात्र आत्ता डोळे झाकून ठरवू नकोस. जून २०२५ ला तिथं जे हल्ले झाले त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय काय सूचना देतंय ते बघूनच ठरव, व्हिसाचे नियमही तिथं सारखे बदलतात. नाहीच जमलं तर गाडी सरळ जॉर्जियाच्या पोती बंदरात उतरव आणि तिथून सुरू कर. यझ्द चुकेल, वाईट वाटेल, पण बाकी सगळं तसंच राहतं आणि कागदांची अर्धी कटकट कमी होते.

आता कागद. सगळे जण आधी इंजिनच्या मागे लागतात, पण इंजिन रस्त्यावर दुरुस्त होतं, आरसी नाही होत. तुझ्या पोस्टमध्ये गाडी बाबांच्या नावावर आहे असं दिसतंय. आधी स्वतःच्या नावावर करून घे. अथॉरिटी लेटर, नोटरी वगैरे करून लोक जातात, पण रात्री अकरा वाजता बॉर्डरवरच्या ऑफिसरला मुलगा-बाप नातं समजावत बसायचं आणि तेही दोघांना येत नसलेल्या भाषेत, कशाला? जुनं हाताने लिहिलेलं आरसी बुक असेल तर स्मार्ट कार्ड करून घे, रीपासिंग झालेलं असू दे आणि त्याची मुदत ट्रिप संपून सहा महिने पुढे राहू दे. आणखी एक, पन्नास वर्षं जवळ आली म्हणून कोणीतरी सांगेल की व्हिंटेजमध्ये टाक, छान व्हीए सिरीजचा नंबर मिळेल. नको. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. शोभेला ठेवायची असेल तर ठीक, फिरायला नाही.

मग कार्ने. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट समज. ही गाडी आम्ही तुमच्या देशात विकणार नाही, परत नेणार, नाही नेली तर ड्युटी आम्ही भरू, अशी हमी. आपल्याकडं ते मुंबईत चर्चगेटजवळच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडं मिळतं, मुदत एक वर्ष. गाडीची किंमत आणि तू कुठल्या देशात जातोस त्यावर डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी ठरते, आणि इथं जुन्या गाडीचा फायदा आहे, व्हॅल्युएशनच कमी म्हणून पैसे कमी अडकतात. नवी महागडी अॅडव्हेंचर बाईक नेणाऱ्यांचे चेहरे बघ तिथं. इराणला कार्ने लागतंच. टर्की, जॉर्जिया, युरोप इथं लागत नाही, तिथं बॉर्डरवर तात्पुरती एन्ट्री होते. पण गाडी भारतात परत आणताना काय दाखवायचं हा प्रश्न राहतोच, म्हणून पोतीवरून गेलास तरी आधी आपल्या क्लिअरिंग एजंटशी, म्हणजे सीएचएशी, नीट बोलून घे.

कार्नेच्या प्रत्येक पानाला तीन भाग असतात. आत जाताना एक तुकडा फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा फाडून घेतात, आणि जो भाग वहीतच राहतो त्याच्यावर दोन्ही वेळचे शिक्के बसायला पाहिजेत. तो वहीत राहणारा भाग म्हणजेच तुझं डिपॉझिट. एका बॉर्डरवर माझा बाहेर पडायचा तुकडा फाडला पण वहीवर शिक्काच मारला नाही, मी पण उन्हाने वैतागलेला, बघितलं नाही, पुढे चाळीस किलोमीटरवर चहाला थांबल्यावर वही चाळली तेव्हा कळलं. परत गेलो. आत घेईनात, कारण माझ्या पासपोर्टवर तर मी देशाबाहेर. साडेपाच तास गेटच्या या बाजूला बसलो, शेवटी शिफ्ट बदलल्यावर दुसरा माणूस आला त्याने वही आत नेऊन दोन मिनिटांत शिक्का मारून आणला. तेव्हापासून काउंटरसमोरून हलायच्या आधी वही उघडून शिक्का बोटाने मोजतो, मागच्या लाइनने कितीही हॉर्न मारू देत.

व्हिसाचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, तो काढ, चेककडून, मल्टिपल एन्ट्री. कारण ते हातात असलं की बाकीची दारं आपोआप उघडतात, भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन असेल तर टर्कीचा ई-व्हिसा मिळतो, जॉर्जियात त्यावरच जाता येतं. फक्त शेंगेनची सुरुवातीची तारीख जॉर्जियात पोचायच्या आधीची मागून घे, नाहीतर व्हिसा आहे पण अजून सुरूच झाला नाही असा घोळ होतो. शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मी गेलो तेव्हा बल्गेरिया-रोमानिया त्यात नव्हते, आता १ जानेवारी २०२५ पासून रस्त्याच्या बॉर्डरलाही आहेत, म्हणजे एदिर्नेवरून बल्गेरियात शिरलास की तुझे दिवस मोजायला सुरुवात. त्यानंतर थेट चेकपर्यंत तुला पासपोर्टची रांग नाही. सर्बियावरून जवळ पडतं असं मॅप सांगेल, पण त्यात शेंगेनमधून बाहेर आणि परत आत अशा दोन रांगा वाढतात, मी रोमानियानेच जाईन. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून मिळतं, एक वर्षाचं असतं, त्यामुळे फार आधी काढून ठेवू नकोस. आपला इथला गाडीचा इन्शुरन्स तिकडं चालत नाही, थर्ड पार्टी प्रत्येक बॉर्डरला घ्यायचा, बल्गेरियाच्या दारात घेतलेला पुढच्या युरोपभर चालेल असाच माग. आणि स्वतःची मेडिकल पॉलिसी घेताना बारीक अक्षरं वाच, बऱ्याच पॉलिसींत मोटरसायकलला सीसीची मर्यादा असते आणि २५० त्यात बसत नाही.

तारखा. हे उलटीकडून लावायचं, आणि माझं इथंच चुकलं होतं. पाडव्याच्या आसपास गाडी पोचली म्हणजे शुभ, असं घरच्यांनी ठरवलं आणि मी पण हो म्हणालो. पाडव्याच्या मागेपुढे इराणमध्ये नवरोज, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष असतं, २०-२१ मार्चपासून तेरा दिवस सगळं सुस्त. माझी गाडीची पेटी बंदरात पोचली आणि ऑफिसात माणूसच नाही, वर रोजचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड, चढतंय. उशिरा निघालास तर बंदर अब्बासला मे-जूनमध्ये चाळीसच्या आसपास ऊन, एअर कूल्ड टू-स्ट्रोक आणि ते ऊन, विचार पण करू नकोस. लवकर निघालास तर पुढे आर्मेनियात मेघ्रीचा घाट आहे, अडीच हजार मीटरच्या वर, तिथं बर्फ. म्हणून गाडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बंदरात, मेच्या सुरुवातीला आर्मेनिया, जूनअखेर चेक. बोटीने पाठवताना लाकडी पेटीवर फ्युमिगेशनचा शिक्का लागतो, टाकी पूर्ण कोरडी, बॅटरीच्या वायरी काढलेल्या. पेटीचा स्क्रूड्रायव्हर पेटीत ठेवू नकोस. हसू नकोस, मी ठेवला होता.

दिवसाला दोनशे किलोमीटर. तू साडेतीनशे लिहिलंयस, ते एक-दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी गाडी नाही तर तू बसतोस. दोनशेने आठ हजार म्हणजे चाळीस दिवस, दर चौथा दिवस गाडी उघडून बघण्याचा, बॉर्डरचे दिवस वेगळे, म्हणजे दोन महिने धर. बोट आणि व्हिसा यांच्या तारखा हलत नाहीत, म्हणून सगळी मोकळीक गाडीला दे. हॉटेलं आधी बुक करून ठेवलीस की त्या बुकिंगसाठी गाडी पळवशील, आणि येझदी पळवली की सीझ होते, म्हणजे तापून पिस्टन आत अडकतो.

आता गाडी. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिली, हे तुला बाबांनी शिकवलं असेलच. आठ हजार किलोमीटर, तीसचं अॅव्हरेज, म्हणजे २६७ लिटर पेट्रोल, म्हणजे जवळजवळ पावणेअकरा लिटर टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल). एवढं वाहून न्यायचं नाही, दोन लिटर जवळ ठेव, बाकी वाटेत मिळतं. फक्त टर्कीच्या समुद्रकाठी दुकानदार बोटीच्या इंजिनचं टू-स्ट्रोक ऑइल हातात देईल, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. ते पाण्याने गार होणाऱ्या इंजिनांसाठी, आपल्या हवेवरच्या इंजिनाला नको, त्यापेक्षा लाकूड कापायच्या चेनसॉच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल विचार, ते चालतं. इराणमध्ये पंपावर लोकांची फ्युएल कार्डं असतात, तुझ्याकडं नसणार, बाजूच्याला हसून बघितलं की तो स्वतःचं कार्ड लावतो. तिकडं परदेशी बँक कार्ड मात्र कुठंच चालत नाही, युरो-डॉलर रोख न्यायचे आणि किंमत रियालमध्ये सांगतोय की तोमानमध्ये ते आधी विचारायचं, दहापट फरक आहे.

घाट उतरताना आपल्या गाडीची एक वाईट सवय आहे, ती फोर-स्ट्रोकवाल्यांना माहीत नसते. आपलं ऑइल पेट्रोलमधून जातं. म्हणजे तू गिअरमध्ये, थ्रॉटल बंद करून इंजिन ब्रेकवर लांब उतार उतरलास तर इंजिन फिरतंय जोरात आणि ऑइल जातंय थेंबभर. मेघ्रीवरून उतरताना मला इंजिनचा आवाज बदललेला कळला, भरडा फुटाणा आवाज जाऊन एक बारीक कोरडी किणकिण, आणि गाडी मागून कोणी धरल्यासारखी. क्लच दाबला म्हणून वाचलो. अर्धा तास दगडावर बसलो, गार झाल्यावर किक मारली, लागली. उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटल एकदा उघडायचा, पिस्टनला घोट मिळू द्यायचा. चढताना उलट, उंचीवर हवा पातळ म्हणून गाडी रिच चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, चोक लावल्यासारखी घुरघुरते, कार्बोरेटरची सुई एक खाच खाली घे आणि पलीकडं उतरल्यावर आठवणीने परत वर.

क्लचवरून आठवलं, आपल्या गाडीत गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, जावाची खासियत. क्लच केबल तुटली तरी गिअर पडत राहतात आणि गावापर्यंत जाता येतं. पण बऱ्याच मिस्त्र्यांनी तो पार्ट "कशाला पाहिजे" म्हणून काढून फेकलेला असतो. तुझं इंजिन नुकतंच बांधलंय ना, तर विचार जाऊन त्याला. आणि क्रँकचे ऑइल सील नवे टाकलेत का तेही विचार, क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल ओढून पांढरा धूर, दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा ओढून पिस्टन सीझ.

लाइटचं मी शेवटी ठेवलंय पण त्यानेच मला सगळ्यात जास्त छळलं. तिकडं पूर्व युरोपात मोटरसायकलचा हेडलाइट दिवसासुद्धा चालू पाहिजे. आपला सहा व्होल्टचा डायनॅमो, पंचेचाळीस वॉटचा, हेडलाइट, टेललाइट आणि इग्निशन एवढं दिवसभर पुरवता पुरवता बॅटरी खाली जाते, आणि बॅटरी गेली की स्पार्क गेला. रोमानियात मी दर संध्याकाळी बॅटरी खोलून खोलीत चार्जिंगला लावायचो, पोर फोन लावतात तसं. तू बारा व्होल्टचं कन्व्हर्जन इथंच करून घे, मूळपणा वगैरे नंतर बघू, नाहीतर निदान एलईडी. काढलेला डायनॅमो घरी जपून ठेव. उजव्या बाजूने चालवायचंय, तर डाव्या हँडलला आरसा लाव, आपल्या जुन्या गाडीला तो बहुतेक नसतोच, आणि हेडलाइटच्या काचेवर चिकटपट्टी लाव म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जात नाही.

स्पेअरचं लोक पानभर यादी करतात. मी न्यायचो ते: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग सहा, रिंगा, गॅस्केट सेट, सील, क्लच प्लेटा, सगळ्या केबला (नव्या जुन्याच्या शेजारीच बांधून), ट्यूब दोन, आणि सोळा इंची टायर एक, कारण ३.२५ बाय १६ टायर वाटेत सहसा मिळत नाही. पुंगळ्यांची आतली जाळी तीन-साडेतीन हजारावर काढून कार्बन जाळायचा, मी तो तिबलिसीत एका बेकरीच्या मागे जाळला, बेकरीवाला आधी चिडला मग स्वतःच चिमटा घेऊन आला. ते स्वच्छ केल्यावर गाडी जी सुटते ना...

हंगेरीत हायवेला मोटरसायकललाही ऑनलाइन टोल भरावा लागतो, बल्गेरिया, रोमानिया, स्लोव्हाकिया, चेकमध्ये नाही, पण तू हायवेवर जाऊच नकोस, साठच्या स्पीडला ट्रकवाले मागून खातात.

हे सगळं नंतर. या रविवारी एकच काम कर, रॉकेलचा बोळा घेऊन चेसिस नंबर आणि इंजिन नंबर घासून स्वच्छ कर, फोटो काढ, आणि आरसीवरच्या नंबरशी एक एक अंक जुळव. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कधीतरी इंजिनचं केसिंग बदललेलं असतं आणि ते कोणी आरटीओत लिहून दिलेलं नसतं, माझंही नव्हतं, चार महिने त्यातच गेले होते. जुळला तर फोटो पाठव, मग पुढचं बोलू.